वाऱ्याला दार बंद

माहीमसारख्या ठिकाणीं स्वतःचें घर बांधण्याचें भाग्य आतां फार थोड्यांच्या वाट्याला येतें. ज्यांच्या वाट्याला तें येतें त्यांनीं तें असें दवडावें याचा आम्हांला विषाद वाटतो. समुद्र हांकेवर, आणि घराचें पश्चिमेचें तोंड पाहावें तर जमिनीपासून छतापर्यंत कांच! ती उघडत नाहीं. तिच्यामागें पडदे, पडद्यांमागें भर दुपारीं दिवे, आणि भिंतीबाहेर घरघरणारीं यंत्रें. यालाच आधुनिक घर म्हणावयाचें असें ठरलें आहे.

आधुनिकतेशीं आमचें वैर नाहीं. वैर आहे तें उसन्या हवामानाशीं. कांच ऊन आंत घेते, पण आंत तापलेल्या वस्तूंची उष्णता सहजासहजीं बाहेर सोडीत नाहीं. थंड देशांत हा तिचा गुण. मुंबईंत तोच तिचा दोष.

कांचेला विटलेले कांहीं रसिक पुण्या-नाशिकच्या वाड्याकडे वळतात आणि जाड भिंत हेंच गारव्याचें रहस्य मानतात. त्यांच्याशींहि आमचें जमत नाहीं. देशावर तें खरें आहे. तेथें उन्हाळ्यांत पारा चाळिशीला टेकला तरी रात्र निवते. दिवसाची उष्णता भिंत पोटांत ठेवते आणि रात्रीं बाहेर टाकते. माहीमची रात्र निवतच नाहीं. मे महिन्यांत दुपारीं ३३-३४ अंश, तर पहाटेहि २७ च्या आसपास, आणि हवा दमट. घाम येतो पण वाळत नाहीं, हें येथलें खरें दुःख. त्याला जाड भिंत काय करणार? अंगावरून वाहणारा वाराच हवा.

तो वारा माहीमला फुकट मिळतो. जमीन तापली कीं समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून, तो सुटतो. पण तिसऱ्या प्रहराचें तिरपें ऊन तिकडूनच येतें, आणि पावसाळ्यांत झडहि. ज्याला आंत घ्यावयाचें तो पाहुणा आणि ज्यांना बाहेर ठेवावयाचें ते दोघे एकाच दारानें येतात! घर रचणाऱ्याची कसोटी येथें लागते. कांच लावणारा ती टाळून मोकळा होतो. नुसता छज्जा पुरत नाहीं, मावळतीचें ऊन त्याच्या खालून शिरतें. खोल व्हरांडा हवा, त्याला झिलमिल्यांचीं दारें हवींत, आणि पूर्वेच्या भिंतींत वाऱ्याला बाहेर पडावयास तेवढीच मोठी वाट हवी. एकाच बाजूस खिडकी ठेवून वाऱ्याची अपेक्षा करणें म्हणजे बाटलींत फुंकर घालणें होय. मधल्या भिंतींनाहि वर जाळी ठेवावी. शिवाय मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत मुंबईचा मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो, तेव्हां उत्तरेच्या खिडकीलाहि छज्जा लागतो, हें किती जणांस ठाऊक आहे?

हे लाड कौलारू बंगल्याला शोभतात, काँक्रीटला नव्हे, असें कोणी म्हणेल. त्यानें कंबाला हिलवरची 'कांचनजंगा' पाहावी. चार्ल्स कोरिया यांनीं १९८३ मध्यें पुऱ्या झालेल्या या ३२ सदनिकांच्या उंच इमारतीचें तोंड पूर्व-पश्चिमच ठेवलें, आणि कोपऱ्यांत दोन-दोन मजले उंचीचे खोल सज्जे कोरून जुन्या बंगल्याचा व्हरांडाच आभाळांत नेला. तेथें जें साधलें तें माहीमच्या दोन मजल्यांत साधूं नये काय?

धूळ, डांस आणि गोंगाट हे आक्षेप मात्र खरे आहेत. डांसांना जाळी आहे. ती वारा थोडा अडविते, म्हणून खिडकी थोरली ठेवावी. गोंगाटावर पुरा उपाय आमच्यापाशीं नाहीं. निजावयाच्या एखाद्या खोलीला यंत्र लावा, आमची हरकत नाहीं. परंतु यंत्रावांचून ज्यांत तासभरहि बसवत नाहीं तें घर कसलें? आणि यंत्र उष्णता नाहींशी करीत नाहीं, शेजाऱ्याच्या खिडकीपाशीं नेऊन टाकतें. तो शेजारी कोळीवाड्यांतला असेल किंवा जुन्या चाळींतला. त्याच्या उघड्या खिडकींतून येणारा वारा आपण तापवून धाडतों, याची लाज आमच्या सुशिक्षित गृहस्थांस वाटूं नये हें नवल आहे.

१२ ऑक्टोबर २०२० रोजीं मुंबईची वीज तासन्‌तास गेली. दिवस ऑक्टोबरच्या उष्म्याचे. चाळीच्या गॅलरींत अशा वेळीं खुर्ची टाकून बसतां येतें. ज्यांच्या घराची एकहि कांच उघडत नाहीं त्यांनीं कोठें बसावें?