गुटगुटीतपणाचा भ्रम

गुटगुटीत बाळ हा मराठी घरातील कौतुकाचा विषय. पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ सोसलेल्या समाजाने भरल्या अंगालाच आरोग्य मानले, यात नवल नाही. परंतु ताटे भरलेली आणि मैदाने ओस पडलेली असताना हीच समजूत मुलांच्या मुळावर येऊ लागली आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन होते सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो. मात्र हलक्या वजनाच्या या बाळांचे स्नायू कृश असले, तरी त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. अशा देहावर बालपणी वजन झपाट्याने चढले, तर मेद यकृतात आणि आतड्यांभोवती साठतो. इन्सुलिन निष्प्रभ होऊ लागते आणि ते अधिकाधिक स्रवता स्रवता स्वादुपिंड थकते. रक्तदाब, रक्तातील मेद आणि अखेर साखर वाढते. एकेकाळी प्रौढांचा मानला गेलेला मधुमेह मग शाळकरी वयातच दार ठोठावतो.

केंद्र शासनाच्या २०१६-१८ च्या पोषण सर्वेक्षणात किशोरवयीनांपैकी सुमारे ५ टक्के अतिवजनाचे आढळले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले मात्र सुमारे १० टक्के. म्हणजेच केवळ वजनकाट्यावर विसंबणे धोक्याचे आहे. मानेवरची काळसर, जाडसर त्वचा मळ समजून घासली जाते. प्रत्यक्षात ती बहुधा वाढलेल्या इन्सुलिनची खूण असते. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक असणे, ही दुसरी खूण. अशा वेळी मुलाला वैद्यांकडे नेऊन तपासणी करून घेणे हे पालकांचे कर्तव्य ठरते.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शाळेच्या आवारात व भोवतालच्या ५० मीटर परिसरात अतिगोड, अतिखारट व अतिस्निग्ध पदार्थांच्या विक्रीस मनाई केली. हे योग्यच झाले. पण घरातल्या फडताळाला कोणता कायदा लावणार? चांगल्या गुणांचे बक्षीस म्हणून चॉकलेट देणारे आणि शिकवणीपायी खेळाचा तास कापणारे हात घरचेच असतात. यात अपराधी मूल नव्हे. त्याला चिडवून वा उपाशी ठेवून काहीच साधणार नाही. भाकरी, उसळ, ताक साऱ्या घराच्या ताटात यावे आणि रोज तासभर मुलाने घाम गाळून खेळावे. ‘अभ्यास झाला का?’ या प्रश्नाबरोबर ‘आज खेळलास का?’ हा प्रश्नही घरोघरी विचारला गेला, तरच उद्याची पिढी खऱ्या अर्थाने सुदृढ होईल.