दर्यावरचा पराक्रम आणि पडद्यावरचे मौन

आपल्या राष्ट्राच्या वीरपुरुषावर चित्रपट काढणे हे वरवर दिसते तितके सोपे काम नाही. वीराचा पराक्रम दाखविला की प्रेक्षक सुखावतो. परंतु तो पराक्रम कोणासाठी, कोणाच्या खर्चाने आणि कोणाच्या जिवावर झाला हा प्रश्न विचारला की तोच प्रेक्षक अस्वस्थ होतो. रुल रेने या दिग्दर्शकाचा ‘मिखील द रॉयटर’ हा २०१५ साली प्रदर्शित झालेला डच चित्रपट या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. परदेशात तो ‘अ‍ॅडमिरल’ या नावाने दाखविला गेला. सतराव्या शतकातील या डच आरमारप्रमुखाची भूमिका फ्रांक लामर्स या नटाने केली आहे आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या भूमिकेत चार्ल्स डान्स हा नामवंत इंग्रज नट आहे. एका छोट्या देशाने आपला सर्वांत मोठा दर्यावर्दी पडद्यावर कसा उभा केला आणि त्याच्याविषयी काय सांगण्याचे टाळले, या दोन्ही गोष्टी सारख्याच बोलक्या आहेत.

मिखील द रॉयटर १६०७ साली झीलंड प्रांतातील फ्लिसिंगन या बंदरात एका हमालाच्या घरी जन्मला. लहानपणी तो दोर वळण्याच्या कारखान्यात कामाला होता आणि वयाच्या अकराव्या वर्षी गलबतावर चढला. देवमाशांची शिकार, व्यापारी जहाजांवरील नोकरी, स्वतःचा थोडाबहुत व्यापार असा त्याचा पुढचा प्रवास आहे. चाळिशी उलटून गेल्यावर, घरी स्वस्थ बसण्याचा विचार चालू असताना, इंग्लंडशी युद्ध पेटले आणि १६५२ मध्ये तो आरमारात आला. घराणे नाही, पदवी नाही, राजाची मर्जी नाही. तरीही तो प्रजासत्ताकाच्या आरमाराचा प्रमुख झाला. खलाशी त्याला प्रेमाने ‘आजोबा’ या अर्थाच्या डच शब्दाने हाक मारीत. चित्रपटाने त्याचा हा साधेपणा, घरची ओढ आणि माणसांविषयीचा जिव्हाळा चांगला टिपला आहे.

ज्या देशासाठी तो लढला तो देशही विलक्षण होता. सात प्रांतांचा संघ, वीस लाखांच्या आतबाहेरची लोकसंख्या, समुद्राच्या पातळीखाली असलेली बरीचशी जमीन. पण जगाच्या सागरी व्यापारात सिंहाचा वाटा. इंग्लंडला हे सलत होते. इंग्लंडमध्ये येणारा माल इंग्रजी जहाजांतून किंवा माल ज्या देशाचा त्या देशाच्या जहाजांतूनच यावा, असा कायदा इंग्लंडने १६५१ मध्ये केला, तो मुख्यतः डच वाहतूकदारांचा धंदा बुडविण्यासाठी. १६५२ ते १६७४ या काळात या दोन देशांत तीन युद्धे झाली. त्यांच्या मुळाशी धर्म नव्हता. दोन्ही देश प्रॉटेस्टंट होते. त्यांच्या मुळाशी जायफळ, मासळी, साखर आणि माणसांचा व्यापार होता.

या युद्धांतील सर्वांत नाट्यमय घटना म्हणजे जून १६६७ मधील मेडवे नदीवरील स्वारी. तिचे चित्रण हा चित्रपटाचा एक परमोच्च बिंदू आहे, आणि तो वाजवी आहे. १६६५ ची प्लेगची साथ आणि १६६६ ची लंडनची आग यांनी इंग्लंडचा खजिना रिता झाला होता. खलाशांना रोख पगाराऐवजी चिठ्ठ्या दिल्या जात होत्या, आणि त्या चिठ्ठ्या वटविण्यासाठी सावकाराला बट्टा द्यावा लागत होता. खर्च वाचविण्यासाठी मोठी लढाऊ जहाजे नदीत नांगरून ठेवण्यात आली. डचांनी नदीत शिरून अडसराची साखळी ओलांडली, जहाजे जाळली आणि ‘रॉयल चार्ल्स’ हे इंग्रजांचे मानाचे जहाज ओढून नेले. १६६० मध्ये परागंदा राजाला मायदेशी आणले ते याच जहाजाने. त्याच्या मागील बाजूचे नक्षीकाम आजही आम्स्टरडॅमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ज्या सरकारला आपल्या नोकरांचा पगार देता येत नाही, त्याला आपल्या राजाचे जहाजही राखता येत नाही, हा या घटनेचा धडा तोफांच्या धुरात थोडा हरवतो. तो शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य सांगावा.

चित्रपटाचे खरे धैर्य दुसरीकडे आहे. १६७२ हे वर्ष डच इतिहासात ‘आपत्तीचे वर्ष’ म्हणून ओळखले जाते. फ्रान्सचा चौदावा लुई, इंग्लंडचा चार्ल्स आणि दोन जर्मन बिशप यांनी एकाच वेळी हल्ला केला. फ्रेंच सैन्य आत घुसले तेव्हा डचांनी बांध फोडून स्वतःची शेते पाण्याखाली घातली आणि हॉलंड वाचविले. पण भयभीत झालेल्या जनतेला बळीचा बकरा हवा होता. जवळजवळ वीस वर्षे कारभार सांभाळणारा योहान द विट हा मुत्सद्दी तिला सापडला. आरमार बांधणारा आणि द रॉयटरला सर्वोच्च पदावर नेणारा हाच माणूस. २० ऑगस्ट १६७२ रोजी हेग शहरात जमावाने त्याला आणि त्याचा भाऊ कॉर्नेलिस याला ठार मारले व त्यांच्या प्रेतांची विटंबना केली. हा कॉर्नेलिस मेडवेच्या स्वारीत सरकारचा प्रतिनिधी म्हणून हजर होता. ऑरेंज घराण्याच्या तरुण विल्यमने या खुनाची आज्ञा दिली असा पुरावा नाही. पण चिथावणी देणाऱ्यांना शासन झाले नाही, उलट काहींची सोय लावण्यात आली, हे सत्य आहे. हेच ऑरेंज-नासौ घराणे आज नेदरलंड्सच्या गादीवर आहे. अशा देशातील लोकप्रिय चित्रपटाने ही हत्या तिच्या सर्व क्रौर्यासह दाखवावी आणि विल्यमला संशयाच्या छायेत उभे करावे, ही लहान गोष्ट नव्हे.

तथापि याच धैर्याची मर्यादाही येथेच स्पष्ट होते. जानेवारी २०१५ मध्ये आम्स्टरडॅम येथे चित्रपटाचा पहिला खेळ झाला तेव्हा बाहेर निदर्शने झाली. निदर्शकांचा आक्षेप साधा होता: या वीराच्या चरित्रातून गुलामांचा व्यापार गाळला गेला आहे. आक्षेप निराधार नव्हता. १६६४ मध्ये भूमध्य समुद्रात असलेल्या द रॉयटरला गुप्त हुकूम मिळाला की, पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील इंग्रजांनी बळकावलेली डच ठाणी परत घ्यावीत. त्याने गोरे बेट सोडविले आणि १६६५ च्या प्रारंभी आजच्या घानामधील कोर्मांटिनचा किल्ला घेतला. ही ठाणी डच वेस्ट इंडिया कंपनीसाठी हवी होती, आणि सोन्याप्रमाणेच माणसांची खरेदीविक्री हा त्या कंपनीचा व्यवसाय होता. द रॉयटर स्वतः गुलामांचा व्यापारी नव्हता. पण ज्या दारांतून हजारो माणसे साखळदंडांत बाहेर पडली, त्या दारांचा पहारा त्याच्या तोफांनी केला. १६५३ ते १६७६ या तेवीस वर्षांची कथा सांगणाऱ्या चित्रपटात या मोहिमेला जागा मिळू नये, हा केवळ लांबीचा प्रश्न मानता येत नाही.

येथे कलेच्या स्वातंत्र्याचा मुद्दा पुढे केला जातो. चित्रपट हा ग्रंथ नव्हे, अडीच तासांत सर्व काही सांगता येत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. दिग्दर्शकाने अनेक लढाया एकमेकींत मिसळल्या, काळाचे अंतर कमी केले, संगणकाच्या साहाय्याने आरमारे उभी केली, यांबद्दल कोणी फार तक्रार करू नये. तारखा पुस्तकात सापडतात. परंतु गाळण्याच्याही दोन तऱ्हा असतात. एक गाळणे कथेला सुटसुटीत करते. दुसरे नायकाला निष्कलंक करते. पहिल्याला संक्षेप म्हणतात. दुसऱ्याला संक्षेप म्हणणे ही फसवणूक आहे. आपण आपल्याच माणसांवर केलेला अन्याय कबूल करणे राष्ट्रांना तुलनेने सोपे जाते, कारण त्या कथेत मारणारे आणि मरणारे दोघेही घरचेच असतात व शेवटी सर्वांनी मिळून शोक करता येतो. दूरच्या किनाऱ्यावरील परक्यांवर केलेला अन्याय कबूल करावयाचा तर त्या परक्याला आधी पडद्यावर जागा द्यावी लागते. तेथेच हात आखडतो.

हा विषय मराठी वाचकाला परका नाही. या युद्धांच्या लाटा कोकणच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचल्या होत्या. वेंगुर्ल्याला डचांची वखार होती. १६७३ च्या फेब्रुवारीत, तिसरे युद्ध चालू असताना, रायक्लोफ फान खून्स याचे डच आरमार मुंबईसमोर येऊन उभे राहिले आणि जेराल्ड ऑन्जियरची तयारी पाहून हल्ला न करता परतले. ज्या बंदरांवर आणि बेटांवर हे व्यापारी झुंजत होते तेथील रहिवाशांना कोणी विचारले नव्हते. १६६७ च्या ब्रेडा येथील तहात जायफळाचे इवलेसे रन बेट डचांकडे राहिले आणि आजचे न्यूयॉर्क इंग्रजांकडे. रनच्या किंवा मॅनहटनच्या मूळ रहिवाशांची सही त्या कागदावर नाही. आरमारी पराक्रमाची कथा आपण किनाऱ्यावरून ऐकत असू, तर ती जहाजावरून ऐकणाऱ्यापेक्षा वेगळी ऐकू येणारच.

याचा अर्थ द रॉयटरला वीरांच्या यादीतून काढून टाकावे असा नाही. १६७२-७३ मध्ये कमी जहाजे घेऊन, उथळ किनाऱ्याचा आश्रय करून, त्याने इंग्रज-फ्रेंच सैन्य आपल्या भूमीवर उतरू दिले नाही. १६७५ मध्ये अपुरे आरमार देऊन त्याला सिसिलीकडे पाठविण्यात आले. बळ कमी आहे हे स्पष्ट सांगूनही तो हुकूम मानून गेला, ऑगस्टाच्या लढाईत तोफगोळ्याने जायबंदी झाला आणि आठवड्याने सिराक्यूजजवळ मरण पावला. त्याच मोहिमेत त्याने नेपल्स येथे वल्ही मारण्याच्या शिक्षेवर असलेल्या हंगेरियन धर्मोपदेशकांची सुटका करविली. एका किनाऱ्यावर बंदिवानांच्या बेड्या तोडणारा आणि दुसऱ्या किनाऱ्यावर बेड्यांच्या व्यापाराला संरक्षण देणारा माणूस एकच होता. ही विसंगती हाच त्या चरित्राचा सर्वांत सखोल भाग आहे, आणि चित्रपटाने नेमका तोच हातचा सोडला.

नेदरलंड्सने त्यानंतर पुढचे पाऊल टाकले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये पंतप्रधान मार्क रुट यांनी गुलामगिरीतील राज्यसंस्थेच्या सहभागाबद्दल क्षमा मागितली आणि १ जुलै २०२३ रोजी राजे विलेम-अलेक्झांडर यांनीही तसेच केले. त्यामुळे तो देश दुबळा झाला नाही, की द रॉयटरची समाधी कोणी उखडली नाही. सत्य सांगितल्याने वीर लहान होतो ही भीती वीराला नसते; त्याच्या नावावर जगणाऱ्यांना असते. ज्या समाजात तरुण पिढी इतिहास वर्गात कमी आणि चित्रगृहात अधिक शिकते, तेथे ही भीती बाजूला सारण्याची जबाबदारी निर्मात्यांइतकीच प्रेक्षकांचीही आहे. पडद्यावर जे दिसले त्याला टाळ्या जरूर द्याव्यात. पण जे दिसले नाही ते शोधण्यासाठी ग्रंथालयाची पायरीही चढावी.