विश्लेषण : युरोपच्या मागास प्रदेशांचा पैसा आता राजधान्यांच्या हाती?

युरोपीय आयोगाने १६ जुलै २०२५ रोजी महासंघाच्या २०२८ ते २०३४ या काळासाठी सुमारे दोन लाख कोटी युरोंच्या अर्थसंकल्पाचा प्रस्ताव मांडला. त्यात प्रादेशिक विकासाचा निधी आणि शेतकऱ्यांचे अनुदान प्रत्येक देशाच्या एकाच आराखड्यात घालण्याची सूचना आहे. त्यामुळे मागास भागांच्या विकासाची दिशा कोण ठरवणार, हा जुनाच वाद पुन्हा पेटला आहे.

ब्रसेल्सची पकड कशी आली?

प्रादेशिक विकास निधी १९७५ मध्ये सुरू झाला. तेव्हा देशांचे वाटे ठरलेले असत आणि खर्चाचा निर्णय राजधानीतच होई. १९८८ च्या सुधारणेने बहुवार्षिक कार्यक्रम आणि आखणीत स्थानिक प्रशासनाचा सहभाग आणला. महासंघाचा पैसा मिळतो म्हणून देशाने स्वतःचा खर्च कमी करायचा नाही, असा नियमही आला.

त्याने काय बदलले?

पोलंडने १९९९ मध्ये ४९ प्रांतांचे १६ मोठे प्रांत केले आणि तिथे निवडून आलेल्या सभा आणल्या. महासंघात प्रवेशाची तयारी हे त्यामागचे एक कारण होते. २००४ मध्ये सदस्यत्व मिळाल्यावर आधी कारभार वॉर्सातूनच चालला. २००७ पासून मात्र सोळाही प्रांतांना स्वतंत्र कार्यक्रम मिळाले.

मग पकड सैल कुठे होते?

जर्मनी, नेदरलँड्ससारख्या श्रीमंत देशांत हा निधी सरकारी खर्चाच्या मानाने किरकोळ आहे. तिथे ब्रसेल्सचा शब्द मुळातच कमी चालतो. २०२१ मध्ये करोनानंतरचा पुनरुज्जीवन निधी आला, तो राष्ट्रीय आराखड्यांतून. ठरलेले टप्पे पूर्ण झाले की पैसे, असा सरळ व्यवहार आयोग आणि राजधान्यांत झाला. नवा प्रस्ताव याच वाटेने जातो.

धोका कोणाला?

डिसेंबर २०२२ मध्ये कायद्याच्या राज्याच्या मुद्द्यावरून हंगेरीचा ६३० कोटी युरोंचा निधी रोखला गेला. सगळा पैसा एकाच आराखड्यात असेल, तर सरकारच्या चुकीची झळ मागास प्रदेशांना अधिक बसू शकते. नवी रचना सोपी आणि लवचीक असल्याचे आयोग सांगतो. युरोपीय प्रदेश समितीचा मात्र विरोध आहे. आयोगाचे सरकारांवरील वजन यातून वाढेलही, पण प्रदेशांशी असलेला थेट धागा तुटू शकतो.

पुढे काय?

अर्थसंकल्पाला सर्व २७ देशांची एकमुखी संमती आणि युरोपीय संसदेची मान्यता लागते. प्रदेशांचा आवाज ऐकवण्याची संधी याच वाटाघाटींत आहे.