आखूड दिसते? छे, आखूड असते

‘प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणारी वस्तू आखूड होते म्हणे! अहो, नजरेचा खेळ तो.’ केडगावात देवीच्या रस्त्याला चहावर गप्पा रंगल्या की हा पूर्वपक्ष हमखास निघतो. आणि मांडणारा बहुधा विज्ञान शिकलेलाच असतो.

त्याची एक बाजू मान्य. नगर स्टेशनाकडे ताशी १०० किलोमीटरने धावणारी पाचशे मीटरची गाडी आखडते, ती अणूच्या व्यासाच्या जेमतेम पन्नासाव्या हिश्शाने. हे अनुभवाला यायचे कुठून? पण अनुभवाला येत नाही म्हणून भ्रम, हा कुठला न्याय?

शिवाय ‘नजरेचा खेळ’ म्हणणाऱ्यांनी नजरही तपासलेली नाही. १९५९ साली पेनरोज आणि टेरेल या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणारा चेंडू डोळ्याला चपटा दिसणारच नाही. त्याच्या दूरच्या भागाचा प्रकाश आधी निघालेला असतो, जवळच्याचा नंतर. दोन्ही एकदम डोळ्यात शिरतात आणि कड गोलच राहते. नजर उलट हे आखडणे झाकते. ते सापडते मोजताना.

‘मग रुळाशेजारचा आणि गाडीतला, दोघेही एकमेकांना आखूड कसे म्हणतात?’ हा आक्षेप मात्र वजनदार. धावत्या गाडीची लांबी घ्यायची तर दोन माणसांनी रुळाशेजारी उभे राहून, इंजिनाच्या नाकापाशी आणि शेवटच्या डब्यापाशी, एकाच क्षणी खडूची खूण करायला हवी. गाडीतला गार्ड म्हणेल, ‘एकाच क्षणी कुठे? पुढच्याने आधी केली, मागच्याने उशिरा.’ तोही खरेच बोलतो. ‘एकाच क्षणी’ हेच रुळाशेजारच्यांचे आणि गार्डचे वेगळे, म्हणून मापे वेगळी.

आता मंडन. सुमारे १५ किलोमीटर उंचीवर विश्वकिरणांमुळे म्यूऑन नावाचे कण जन्मतात. सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, तेवढ्यात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जातो. तरीही आपल्या तळहातातून सेकंदाला एखादा म्यूऑन आरपार जातो. प्रकाशाच्या ९९.९ टक्के वेगाने येणाऱ्या म्यूऑनच्या लेखी ते १५ किलोमीटर उरतात अवघे ६७० मीटर. जमिनीवरून पाहणारा हेच त्याचे आयुष्य लांबले म्हणून सांगतो. अशा कणाच्या लांबलेल्या आयुष्यातून, हे आखडणे सांगणाऱ्या सापेक्षता सिद्धांताची थेट परीक्षा घेता येईल, हे १९३८ मध्ये होमी भाभांनी सुचवले होते. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यांनी पुढे उभारली. १९४१ मध्ये रॉसी आणि हॉल या शास्त्रज्ञांनी कोलोरॅडोत उंचावर आणि खाली हे कण मोजले. वेगवान कण कमी विघटित झाले. तिथे मोजत होत्या गायगर नळ्या, डोळे नव्हे. मग भ्रम झाला तो कुणाला?