विश्लेषण : जगाच्या अंताची तारीख बायबलमधून काढता येते का? भाकिते वारंवार का फसतात?

येशू ख्रिस्त २३ किंवा २४ सप्टेंबर २०२५ रोजी परत येईल आणि श्रद्धावंतांना सदेह वर नेईल, असा दावा दक्षिण आफ्रिकेतील एका व्यक्तीने यूट्यूबवरील मुलाखतीत केला आणि तो ‘रॅप्चर’ या नावाने जगभर पसरला. नोकरी सोडल्याचे, गाडी विकल्याचे सांगणाऱ्या चित्रफितीही फिरल्या. दोन्ही दिवस नेहमीसारखे गेले. मग ज्युलियन कालगणनेचा आधार देत ऑक्टोबरमधील नव्या तारखा पुढे आल्या. त्याही गेल्या. असे दावे नेमके कशाच्या आधारे केले जातात?

‘रॅप्चर’ म्हणजे काय?

ख्रिस्त पुन्हा येणार, ही जवळपास सर्व ख्रिस्ती पंथांची श्रद्धा आहे. ‘रॅप्चर’ त्याहून वेगळे आहे. मोठ्या संकटकाळापूर्वीच श्रद्धावंत पृथ्वीवरून उचलले जातील, असे ते मत. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायाचा आधार त्याला दिला जातो. शब्द आला लॅटिन भाषांतरातील एका क्रियापदावरून. मात्र संकटकाळाआधीच्या स्वतंत्र घटनेची मांडणी १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाने रुजवली. १९०९ मध्ये आलेल्या स्कोफील्ड संदर्भ बायबलमुळे ती अमेरिकेत घरोघरी पोहोचली. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्च ही मांडणी मानत नाहीत.

वादाचे मूळ कोणत्या वचनांत?

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायात दोन विधाने जवळजवळ येतात. हे सर्व घडेपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही, असे येशू सांगतो. त्यानंतर लगेच, तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही, असेही सांगतो. पहिले विधान काळाची मर्यादा घालते, तर दुसरे तारीख काढण्याची वाटच बंद करते. ‘ही पिढी’ म्हणजे समोर बसलेले श्रोते, की शेवटच्या काळातील लोक, यावर शतकानुशतके मतभेद आहेत.

अभ्यासकांची मते कोणती?

ढोबळमानाने चार प्रवाह आहेत. पहिल्यानुसार बरीचशी भाकिते इसवी सन ७० मध्येच पूर्ण झाली. त्या वर्षी टायटसच्या रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. दुसऱ्यानुसार ही भाकिते चर्चच्या संपूर्ण इतिहासात टप्प्याटप्प्याने घडत आहेत. तिसऱ्यानुसार मुख्य घटना अजून घडायच्या आहेत. रॅप्चरची कल्पना याच प्रवाहातली. चौथा प्रवाह त्यांना कालक्रम न मानता चांगल्या-वाईटाच्या संघर्षाची प्रतीके मानतो.

प्रकटीकरण हे पुस्तक केव्हा लिहिले गेले, हाही कळीचा मुद्दा आहे. बहुतेक अभ्यासक ते डोमिशियन सम्राटाच्या काळातले, म्हणजे इसवी सन ९५ च्या आसपासचे मानतात. काहींच्या मते ते नीरोच्या काळाजवळचे, इसवी सन ७० पूर्वीचे आहे. ‘नीरो कैसर’ हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून अक्षरांची संख्यामूल्ये मिळवली तर ६६६ येतात. नावातील शेवटचा ‘न’ गाळला तर ६१६. काही प्राचीन हस्तलिखितांत खरोखरच ६१६ हा आकडा आहे.

तारखेचे गणित कसे मांडले जाते?

सर्वात गाजलेले उदाहरण अमेरिकेतील विल्यम मिलर या शेतकरी-उपदेशकाचे. दानीएलाच्या पुस्तकात २३०० दिवसांचा उल्लेख आहे. मिलरने एक दिवस म्हणजे एक वर्ष धरले आणि मोजणी इसवी सनपूर्व ४५७ पासून सुरू केली. उत्तर आले १८४३. पण इसवी सनाच्या मोजणीत शून्य वर्ष नाही, त्यामुळे एक वर्ष वाढून १८४४ झाले. अखेर २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख ठरली. काही अनुयायांनी शेतातील पिके काढलीच नाहीत. तो दिवस इतिहासात ‘महानिराशा’ म्हणून नोंदला गेला.

१९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र अस्तित्वात आले आणि गणिताला नवा आरंभबिंदू मिळाला. एक पिढी ४० वर्षांची धरून एडगर व्हिसनंट या नासाच्या माजी अभियंत्याने १९८८ हे वर्ष काढले. त्याच्या पुस्तिकेच्या लाखो प्रती वाटल्या गेल्या. पुढे ‘फॅमिली रेडिओ’चे हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी नोहाच्या जलप्रलयासाठी इसवी सनपूर्व ४९९० हे वर्ष धरले, त्यात ७००० वर्षे मिळवली आणि २१ मे २०११ ही तारीख दिली. कॅम्पिंग यांचे शिक्षणही स्थापत्य अभियांत्रिकीचे होते.

या सर्व उदाहरणांत बेरीज बरोबर आहे. प्रश्न गृहीतकांचा आहे. आरंभाचे वर्ष कोणते, दिवस म्हणजे वर्ष का, पिढी ४० वर्षांचीच का, यांची उत्तरे ग्रंथातून मिळत नाहीत. ती मोजणारा ठरवतो. त्यामुळे तारीख चुकली की एक गृहीतक बदलून नवी तारीख काढणे सोपे जाते.

भाकीत फसल्यावर काय होते?

साधारण तीन प्रतिक्रिया दिसतात : तारीख पुढे ढकलणे, घटना अदृश्य रूपात घडली असे म्हणणे किंवा चूक कबूल करणे. कॅम्पिंग यांच्या बाबतीत तिन्ही दिसल्या. मे महिन्यात आध्यात्मिक न्यायनिवाडा झाला, असे त्यांनी सांगितले. मग २१ ऑक्टोबर ही तारीख दिली. तीही टळल्यावर मार्च २०१२ मध्ये त्यांनी चूक मान्य केली.

पण तोपर्यंत किंमत अनुयायांनी मोजली होती. न्यूयॉर्कमधील एका निवृत्त कर्मचाऱ्याने इशाऱ्याच्या जाहिरातींवर स्वतःच्या बचतीतून सुमारे १ लाख ४० हजार डॉलर खर्च केले. चूक मान्य झाली म्हणून गेलेला पैसा, सोडलेली नोकरी किंवा तुटलेली नाती परत येत नाहीत.

महाराष्ट्राशी संबंध काय?

मिलरच्या अनुयायांपैकी एका गटाने १८४४ मधील घटना पृथ्वीवर नव्हे, तर स्वर्गात घडली असा अर्थ लावला. त्यातूनच १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्च औपचारिकपणे उभे राहिले. पुण्यातील औंध येथील स्पायसर विद्यापीठ याच चर्चचे. हे चर्च ख्रिस्ताचे पुनरागमन जवळ आहे असे मानते, मात्र तारीख देत नाही. वसई किंवा गोव्यातील कॅथलिक समाजाच्या उपासनेतही पुनरागमनाचा उच्चार असतो. रॅप्चरचे वेळापत्रक नसते.

मोबाइलवर आलेली नवी तारीख कशी तपासावी?

‘त्या दिवसासाठी तयार राहा’ हा उपदेश आणि ‘तो दिवस अमुक तारखेला आहे’ हा दावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला श्रद्धेचा भाग आहे. दुसऱ्याला मात्र मत्तयाच्या त्याच अध्यायातील वचन आडवे येते. त्यामुळे तारीख सांगणाऱ्याला मोजणी कोठून सुरू केली आणि का, एवढे विचारावे. त्याचे उत्तर मिळेपर्यंत नोकरी, घर किंवा बचत यांबाबत निर्णय घेऊ नये.