सहा नंबरचा पत्ता

परवा डहाणू लोकलमध्ये बोईसर ते पालघर मित्राशी जाम वाजलं. हा म्हणे, "सगळं जेनेटिक असतं रे, आपण काय करणार?"

काय करणार म्हणजे? अँटिबॉडीची जनुकं २, १४ आणि २२ या गुणसूत्रांवर विखुरलीयेत, पण एचएलए मात्र सहाव्यावर एकगठ्ठा. तो पट्टा १९९९ सालीच वाचून झालाय! गठ्ठा असल्यानेच सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. नाही जुळलं तर अनोळखी दाता शोधा, आणि एचएलएच्या आवृत्त्या ४० हजारांहून जास्त. जुळणारा सापडला तर बहुधा आपल्याच समाजात.

आपल्या पालघरच्या वारली पाड्यांवर सिकलसेल आहे. बिघाड अकराव्या गुणसूत्रावर, पण अस्थिमज्जा बदलायची तर गाडी अडते सहाव्यावर. नकाशा तयार आहे हो, दात्यांच्या यादीत पाड्यावरची पोरं नकोत? शिबिरं मात्र आयटी पार्कात! आणि तिथे तरी आपण कुठे नाव घालतो?

"सुई टोचतात का?" साहेबांचा प्रश्न.

नाव घालताना नाही रे बाबा, गालाच्या आतून नुसता बोळा फिरवतात.

तेवढ्यात पालघर आलं, हा उतरला. फॉर्म माझ्याच हातात.