जाळी नसलेली रिंग

2025 च्या जूनमधली गोष्ट. गोरेगावला बहिणीकडे मुक्कामाला होतो. सोमवारची पहाट, बाहेर पाऊस. सहाच्या सुमारास जाग आली ती मात्र पावसानं नाही, हॉलमधून येणाऱ्या आवाजानं. कोणीतरी दबक्या आवाजात "नाही, नाही, नाही" म्हणत होतं. जाऊन पाहिलं तर भाची. मांडीवर बारावीच्या रसायनशास्त्राचं पुस्तक, पुस्तकाच्या घडीत उभा केलेला फोन आणि फोनवर एनबीएच्या फायनलचा सातवा, म्हणजे निकालाचा सामना. इंडियाना पेसर्सचा टायरिस हॅलिबर्टन पहिल्याच सत्रात तीन थ्री-पॉइंटर मारून सुटला होता. आणि मग कोणाचा धक्का लागलेला नसताना तो कोर्टवर कोसळला. तळहातानं फरशी बडवत राहिला.

"मामा, तो उठत नाहीये."

टाचेमागची शीर तुटली होती. ओक्लाहोमा सिटी थंडरनं सामना 103-91 असा जिंकला, पण तो भाग तिनं पाहिलाच नाही. फोन पालथा घालून ती रसायनशास्त्राकडे बघत बसली. चहा घेऊन आलेली बहीण म्हणाली, "बारावी आहे हिची, आणि ही रडतेय कोणासाठी, तर अमेरिकेतल्या कोणासाठी."

या सदरात मी बहुतेक वेळा क्रिकेटवर लिहितो, अधूनमधून कबड्डी-खोखोवर. बास्केटबॉलची पायरी इथे क्वचितच चढलो आहे. पण बहिणीचं ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, कारण ते चुकीचं होतं आणि बोलणारी घरातली होती. 1992 च्या वर्ल्डकपला याच बहिणीनं आणि मी पांघरूण डोक्यावर घेऊन पहाटेपासून ऑस्ट्रेलियातले सामने पाहिले होते. बाबांनी तेव्हा आम्हांला उठवलं होतं, ओरडले नव्हते. मेलबर्नसाठी पहाटे उठणं म्हणजे संस्कार आणि इंडियानापोलिससाठी उठणं म्हणजे थेर, हा फरक आला कुठून? अंतराचं म्हणाल तर दोन्ही गावं आपल्याला सारखीच परकी.

आणि ही मुलगी कुठल्या जाहिरातीला भुलून या खेळाकडे गेलेली नाही. 2019 च्या नवरात्रात, 4 ऑक्टोबरला, एनबीएचे संघ पहिल्यांदा भारतात खेळले. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रॅमेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. मोसमाआधीचा सरावाचा सामना, पण त्या संध्याकाळी प्रेक्षक होती मुंबईच्या शाळांमधली सुमारे तीन हजार मुलं. त्यांत ही एक, सहावीतली. मुलांना कुठला संघ आपला हे ठाऊक नव्हतं, त्यामुळे बॉल कोणीही टाकला तरी ती ओरडत होती. सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सनं तो 132-131 असा, एका गुणानं जिंकला. एका गुणानं जिंकलेला संघ अकरा वर्षांच्या मुलाला कायमचा चिकटतो.

आमच्या आईला मात्र ते पटलं नव्हतं. किंग्जचे मालक विवेक रणदिवे. मुंबईत जन्मलेले, जुहूला वाढलेले, पुढे एमआयटीत शिकलेले. 2013 मध्ये त्यांनी किंग्ज विकत घेतला. एनबीएतल्या संघाची बहुमताची मालकी भारतात जन्मलेल्या माणसाकडे जाण्याची ती पहिलीच वेळ. "रणदिव्यांची टीम सोडून भलत्याच टीमच्या मागे कशाला लागायचं?" असं आई म्हणाली होती. आडनावावरून संघ निवडायची ही पद्धत आपल्याकडे जुनीच.

तर सहा वर्षं ही मुलगी पेसर्सच्या मागे आहे. एका मोसमात 82 सामने. अमेरिकेतला संध्याकाळचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी सहाला लागतो, म्हणजे पहिलं सत्र घरी, दुसरं रिक्षात, मध्यंतर स्टेशनवर. मधली वर्षं संघ रडतखडतच खेळत होता. 2022 मध्ये पेसर्सनं डोमांतास सबोनिस किंग्जला दिला आणि हॅलिबर्टनला घेतलं. मुंबईत तिनं ज्याला पेसर्सच्या बाजूनं पाहिलं तो गडी आता समोरच्या तंबूत. हे तिनं मला समजावून सांगितलं तेव्हा ती चौदा वर्षांची होती, आणि कागदावर दोन संघांचे पगार मांडून सांगत होती. पगारमर्यादा, कराराची वर्षं, ड्राफ्टमधले क्रमांक. अर्थसंकल्पावर बोलणारे आमचे काही सहकारी इतकी तयारी करून येत नाहीत. 2025 च्या फायनलच्या पहिल्या सामन्यात तोच हॅलिबर्टन 0.3 सेकंद उरले असताना बॉल टाकतो आणि पेसर्स 111-110 नं जिंकतात. संपूर्ण सामन्यात ते पुढे आले ते तेवढेच. तो दिवस आणि हा सोमवार यांच्यामध्ये अडीच आठवडे. रडू नको तर काय?

गाण्यांच्या बाबतीतही तिचं असंच काटेकोर. जगभर नवीन गाणी शुक्रवारी बाहेर येतात, 2015 पासून ही एकच वेळ ठरली आहे. म्हणून गुरुवारी रात्री बाराला तिच्या खोलीतला दिवा लागतो. माझ्या वेळी नवीन संगीत म्हणजे काळा घोड्याचं र्‍हिदम हाउस. हेडफोन लावून अर्धी कॅसेट उभ्यानं ऐकायची, पैसे मोजायचे आणि बहुधा न घेताच चर्चगेटला परतायचं. ते दुकान 2016 मध्ये बंद झालं. मी त्याबद्दल हळहळत बोललो की ती शांतपणे ऐकून घेते, मग विचारते, "पण मामा, तू न घेताच यायचास ना?"

तिच्या यादीत शेजारी शेजारी काय बसेल ते सांगता येत नाही. आइसलँडचं काहीतरी, खाली बेंगळुरूचा हनुमानकाइंड, त्याखाली 'तांबडी चामडी'. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं हे गाणं 2024 मध्ये स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीनं काढलं. शब्द मराठी, ठेका युरोपातल्या क्लबांमधला. हळदीच्या मांडवातही ते वाजतं. मला ते आवडत नाही. पण मराठी शब्दांवर डच कंपनीचा शिक्का बसला म्हणून मराठी बुडाली असं म्हणणाऱ्यांच्या सभेलाही मी जाणार नाही.

2025 च्याच मार्चमध्ये तिच्यासोबत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गेलो, लोलापलूझा या संगीत महोत्सवाला. सोबत कोणी मोठं असेल तरच जायचं, अशी घरची अट होती आणि तो मोठा मी ठरलो. रविवार, 9 मार्च. त्याच दुपारी दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल सुरू होत होती. क्रीडा-स्तंभलेखकानं त्या दिवशी रेसकोर्सवर धूळ खात फिरणं म्हणजे ड्युटीवरून पळणंच. ऑफिसात मी सांगितलं नव्हतं. आता छापूनच येतंय.

रात्रीचं मुख्य आकर्षण होतं ग्रीन डे. आपण संध्याकाळी सहाला निघू, असं मी म्हटलं. तिला दुपारी पोचायचं होतं. उन्हात, लहान स्टेजसमोर जेमतेम दोनशे लोक, आणि त्यांच्यात ही पहिल्या रांगेत. "मोठ्यांना सगळेच ऐकतात. हे पुढच्या वर्षी मोठे झाले तर मी आधी ऐकलेलं असणार." यात थोडी फुशारकी आहे, मान्य. पण सवाई गंधर्वला पहिल्या दिवशी पहिल्या कलाकाराला ऐकायला दुपारीच सतरंजी टाकून बसणारे काका असतात, तेही हेच म्हणतात, शब्द वेगळे.

मनगटावर पट्टा, पट्ट्यात पैसे, पाण्याच्या बाटलीलाही तोच पट्टा टेकवायचा. खिशातून नोट निघाली असती तर मी दोन वेळा विचार केला असता. पट्टा टेकवताना विचार होत नाही, आणि पट्टा त्यासाठीच असतो. अंधार पडल्यावर ग्रीन डे सुरू झाला. मी एका हातानं फोन धरून दुबईचा स्कोअर बघत होतो, आजूबाजूला तसे आणखी बरेच दिवे लुकलुकत होते. भारत चार गडी राखून जिंकला. शेजारच्या मुलानं, ज्याच्या ओठाला रिंग आणि अंगात काळा टीशर्ट, मला ओळख नसताना मिठी मारली. मग दहा वाजले आणि सगळं थांबलं. ध्वनिक्षेपकाचा नियम सवाईच्या रात्रभराच्या बैठकीलाही आवरतो आणि कॅलिफोर्नियाच्या गिटारलाही. मोठी माणसं एकमेकांना सांगत स्टेशनकडे निघाली, की निदान लोकल मिळेल.

ब्रिजवरून चालताना तिनं डोमच्या दिशेनं बोट दाखवलं. रेसकोर्सवरून एनएससीआय डोम चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिचं निम्मं आयुष्य त्या एका परिसरात घडलेलं, आणि ते दोन्ही मांडव तिकिटाचे.

मग मी तिला तिसरी जागा सांगितली, जी तिला माहीत नव्हती. तिथून फार लांब नाही, मुंबई सेंट्रलच्या पलीकडे, नागपाडा. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशर्ट यांनी 1920 च्या दशकात तिथे नागपाडा नेबरहुड हाउस काढलं. पुढे टाटांची समाजकार्याची संस्था सुरू झाली तिचे पहिले संचालकही तेच. या वस्तीतल्या कोर्टांवर आणि मस्तान तलावाच्या मैदानावर गल्लीतली पोरं बास्केटबॉल खेळू लागली. तिथून अब्बास मुंतसिर आले, भारताचे कर्णधार, 1970 चा अर्जुन पुरस्कार. दाट वस्ती, हातावर पोट असलेली घरं आणि संध्याकाळी उघडं असलेलं कोर्ट. ना डोम, ना पट्टा. भारतीय बास्केटबॉलला मुंबईनं जे दिलं त्यातलं बरंचसं त्या चार गल्ल्यांमधून आलं.

तिला हॅलिबर्टनच्या बुटाचा नंबर ठाऊक आहे, मुंतसिर ठाऊक नव्हते. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार होती हेही नव्हतं. मी चिडलो, मग लक्षात आलं की कळणार कुठून? इथलं काही दाखवलंच जात नाही. 2010 मध्ये बास्केटबॉल फेडरेशननं आयएमजी-रिलायन्सशी 30 वर्षांचा करार केला. लीग येणार, लीग येणार म्हणत दहा वर्षं गेली, करारही संपला, लीग आली नाही. 2015 मध्ये खासगी यूबीए लीग निघाली, तिच्यात 'पुणे पेशवाज' नावाचा संघ होता. खऱ्या पेशवाईनं शतक काढलं, हिनं जेमतेम दोन वर्षं. मग 2022 मध्ये आयएनबीएल, त्यात मुंबई टायटन्स. दर खेपेला नवीन नाव, नवीन जर्सी आणि प्रेक्षकानं पुन्हा पहिल्यापासून प्रेम करायचं. सतनामसिंग भामरा 2015 मध्ये डॅलस मॅव्हरिक्सनं 52 व्या क्रमांकावर निवडला तेव्हा आपण पेढे वाटले. एनबीएच्या मोसमात तो एक मिनिटही खेळला नाही, पुढे कुस्तीच्या मनोरंजनात गेला. आणि एनबीए? 2022 पासून तिचे सामने अबुधाबीला होतात. मुंबईत 2019 नंतर ती परत आलेली नाही.

माझं म्हणणं एवढंच, की पोरांच्या वेडात खोट नाही. खोट आहे ती त्या वेडाला फक्त गिऱ्हाईक म्हणून मोजण्यात. जर्सी घे, पास घे, पट्टा भर. खेळायला कुठे जाऊ, हे तिनं विचारलं की सगळे गप्प.

भाचीच्या घरापासून तीन मिनिटांवर एका शाळेचं कोर्ट आहे. दोन्ही बाजूंना पक्के बोर्ड, पक्क्या रिंगा, कधीकाळी रंगवलेल्या रेघा. संध्याकाळी पाचला फाटकाला कुलूप. लग्नसराईत त्याच फाटकातून गाड्या आत येतात आणि फ्री-थ्रोच्या रेघेवर उभ्या राहतात. सुटीच्या एका सकाळी वॉचमननं अर्धा तास आत सोडलं, तेव्हा मी तिला पहिल्यांदा खेळताना पाहिलं. डावा पाय पुढे, कोपर आत, बॉल सुटला की मनगट तसंच हवेत लोंबतं. छान टाकते. पण रिंगांना जाळी नाही. जाळी नसली की बॉल आतून गेला की बाहेरून हे लांबून कळत नाही, जाळीचा तो सपकन होणारा आवाज होत नाही, आणि समोरचा हमखास म्हणतो, "बाहेरून गेला." दर दुसऱ्या बॉलला भांडण. सहा वर्षं पगारमर्यादा पाठ असलेली मुलगी अखेर "आत होता रे, आईशप्पथ" म्हणत होती, आणि त्या अर्ध्या तासात तिनं फोनला हात लावला नाही.

मग 2025-26 चा मोसम आला. हॅलिबर्टन त्यात खेळला नाही, त्या मुंबईच्या सामन्यातला मायल्स टर्नर मिलवॉकीला निघून गेला, पेसर्स हरत राहिले आणि ही सहाला उठतच राहिली. 2026 च्या जानेवारीत रेसकोर्सवर लिंकिन पार्क आला. तेव्हाही अट तीच, त्यामुळे मोठा मीच. दरम्यान धोबीतलावच्या खेळाच्या दुकानातून मी दोन जाळ्या आणल्या आहेत. नायलॉनच्या, पांढऱ्या, बारा बारा आकड्यांच्या. शाळेच्या कार्यालयात दोनदा जाऊन आलो, साहेब मीटिंगमध्ये होते. जाळ्या बहिणीच्या घरी दाराच्या खुंटीला लटकल्या आहेत. शिडी आम्ही आणू, चढायला माणूस आहे. फाटकाची किल्ली संध्याकाळी सहा ते आठ कोणाकडे मागायची, तेवढं शाळेनं कळवावं.